डोक्याला मार लागल्यावर विश्रांती किती?

१७ ऑगस्ट २०१९, लॉर्ड्स. जोफ्रा आर्चरचा बाउन्सर मानेवर आदळला आणि ऑस्ट्रेलियाचा फलंदाज स्टीव्ह स्मिथ खेळपट्टीवर आडवा झाला. तेव्हा तो ८० धावांवर होता. तपासणीत काही आढळलं नाही, म्हणून तो पुन्हा खेळायला उतरला आणि ९२ वर बाद झाला. सकाळी उठला तो डोकेदुखी आणि सुस्ती घेऊनच. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन आला, कसोटीतला पहिला ‘कन्कशन सब्स्टिट्यूट’ म्हणून. स्मिथ पुढच्या हेडिंग्लेच्या कसोटीलाही मुकला.

कन्कशन म्हणजे हादऱ्याने मेंदूचं काम तात्पुरतं बिघडणं, आणि त्याची लक्षणं अशी उशिरानेही उगवतात. स्कूटरवरून घसरलेला माणूस कपडे झटकून ‘काही नाही झालं’ म्हणत घरी येतो आणि रात्री त्याला ट्यूबलाइटचा उजेडही सोसवत नाही. कुणाला मळमळतं, कुणाला पेपरातल्या दोन ओळी वाचून शीण येतो, तर एखादं मूल नुसतंच चिडचिड करतं. सीटी स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मल येतो, कारण बिघाड रचनेत नसून कामकाजात असतो. हादऱ्यामुळे मेंदूतल्या पेशींमधल्या क्षारांचा तोल जातो. तो सावरायला जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो.

म्हणून विश्रांती. पण किती?

बरीच वर्षं सल्ला होता तो अंधाऱ्या खोलीचा: पडदे ओढा, टीव्ही बंद, पुस्तक नको, लक्षणं पूर्ण जाईपर्यंत पडून राहा. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या डॉक्टरांनी ११ ते २२ वयाच्या रुग्णांवर हे पडताळून पाहिलं. एका गटाला पाच दिवस कडक विश्रांती, दुसऱ्याला एक-दोन दिवस आराम आणि मग हळूहळू नेहमीचे व्यवहार. २०१५ साली निष्कर्ष आले. पाच दिवस पडून राहिलेले लवकर बरे झाले नाहीतच, उलट त्यांच्याच तक्रारी जास्त होत्या. दिवसभर छताकडे बघत पडलेल्या मुलाचं दुखण्याखेरीज आणखी कशाकडे लक्ष जाणार?

आजचा सल्ला म्हणूनच मधला आहे. पहिले २४ ते ४८ तास सौम्य विश्रांती, म्हणजे घरातल्या घरात वावरायला हरकत नाही. मोबाइल मात्र खरोखरच बाजूला ठेवायचा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिले ४८ तास स्क्रीन टाळणारे साधारण साडेतीन दिवसांत सावरले. स्क्रीन वापरणाऱ्यांना आठ दिवस लागले. आपल्याकडे आणखी एक पथ्य हवं, ते भेटायला येणाऱ्यांचं. ‘कसं झालं? हेल्मेट होतं का?’ ही उलटतपासणी दहाव्यांदा देताना डोकं पुन्हा ठणकू लागतं.

झोपेबद्दल घरोघरी धास्ती असते. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर खुशाल झोपू द्यावं, झोप उपकारकच असते. पहिला दिवस-रात्र सोबतीला कुणीतरी हवं, एवढंच. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा झोपेची गोळी मनाने घेऊ नये. दारू अजिबात नको.

उलट्या थांबत नसतील, डोकेदुखी वाढतच असेल, बोलणं अडखळत असेल, हातापायातली ताकद गेली असेल, झटका आला असेल, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव येत असेल किंवा माणूस जागाच होत नसेल, तर घरी न थांबता थेट हॉस्पिटल गाठावं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांना बाथरूममध्ये पडून साधा मार लागला, तरी त्यांना दाखवून आणावंच. त्यांच्यात मेंदूभोवती सावकाश झिरपलेलं रक्त काही आठवड्यांनीही त्रास देऊ शकतं.

दोन दिवसांनंतर चालायला सुरुवात. चालताना डोकं थोडं जड झालं तर घाबरायचं कारण नाही. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर त्रास फार तर दोन गुणांनी वाढला आणि तासाभरात ओसरला, तर तो चालण्यासारखा धरतात. त्याहून वाढला तर त्या दिवसापुरतं थांबायचं. अमेरिकेतल्या बफेलोच्या संशोधकांनी कन्कशन झालेल्या किशोरवयीन खेळाडूंना झेपेल इतका हलका व्यायाम दिला, तेव्हा ते साधारण १३ दिवसांत बरे झाले. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांना १७ दिवस लागले. हे निष्कर्ष २०१९ चे.

प्रौढ माणूस बहुधा दोन आठवड्यांत ठीक होतो, मुलांना महिनाही लागू शकतो. शाळा आधी, तीही सुरुवातीला अर्धा दिवस, खेळ नंतर. मैदानावर परतण्याच्या सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यायचा असतो. बाउन्सर झेलायचा किंवा कबड्डीत पकड करायची, तर त्याआधी डॉक्टरांचा होकार लागतो. बाइकची किल्लीही तोवर घरच्यांकडेच असलेली बरी.