सर्व्हर सपोर्टचा धंदा करताय? मग डोमेनचा पासवर्ड वाटत फिरू नका

वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यांना सर्व्हर सपोर्ट द्यायचा, वर्षाची एएमसी घ्यायची, असं तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात आहे. व्हिडिओत हा भाग घाईत झाला, म्हणून इथे जरा सावकाश.

एकाच दणकट मशीनवर टॅली, ईआरपी, फाइल सर्व्हर असे वेगवेगळे सर्व्हर चालवायचे, याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. व्हीएमवेअरवाल्यांकडे त्या मशीनवर ईएसएक्सआय असतं. अशा मशीनला म्हणायचं होस्ट, आणि सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळतं ते व्हीसेंटर. ऑफिसातल्या लोकांचे लॉगिन मात्र विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनमध्ये असतात. होस्ट डोमेनला जोडला की प्रत्येक इंजिनिअर स्वतःच्या नावाने लॉगिन करतो. रूटचा एकच पासवर्ड चौघांत फिरत नाही.

पण जोडताना डोमेनचा पासवर्ड द्यावा लागतो. होस्ट आपोआप उभे राहावेत अशी व्यवस्था केली, तर तो कॉन्फिगरेशनमध्येच ठेवावा लागतो. म्हणजे मालकाचा शिक्का प्रत्येक कामगाराच्या खिशात! इथे ऑथेंटिकेशन प्रॉक्सी कामाला येते. पासवर्ड फक्त तिच्याकडे असतो. होस्ट तिच्याकडे येतो आणि ती त्याला डोमेनमध्ये घेते.

व्हीस्फिअर 6.5 पासून ही सर्व्हिस व्हीसेंटरमध्येच येते, पण सुरुवातीला बंद असते. 5480 पोर्टवरच्या पानावर सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती चालू करायची. मग व्हीसेंटरच्या कॉन्फिगर टॅबमध्ये डोमेनचं नाव आणि युजर द्यायचा. होस्टवर ‘जॉइन डोमेन’ करताना पासवर्डऐवजी प्रॉक्सीचा पर्याय निवडून तिचा आयपी टाकायचा. मध्ये फायरवॉल असेल तर प्रॉक्सीला लागणारं पोर्ट उघडा. आणि घड्याळं बघा. होस्ट आणि डोमेन कंट्रोलरच्या वेळेत 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की कर्बेरोस नकार देतं. जुन्या मशीनची बोर्डावरची बॅटरी संपलेली असते, लाइट जाऊन आली की घड्याळ भलतीच वेळ दाखवतं. एनटीपी आधी, बाकी नंतर.

प्रॉक्सीला डोमेन ॲडमिनचा युजर देऊ नका, बरं का. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत मुळात साधा युजरही 10 मशीनं जोडू शकतो. या कामापुरता वेगळा युजर बनवा आणि त्याला तेवढाच अधिकार द्या.

आता खरी भीतीची गोष्ट. जुलै 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की रॅन्समवेअर टोळ्या डोमेनमध्ये ‘ईएसएक्स ॲडमिन्स’ नावाचा ग्रुप बनवून होस्टचा पूर्ण ताबा घेत होत्या. डोमेनला जोडलेला होस्ट फक्त ग्रुपचं नाव बघायचा आणि त्यातल्या सगळ्यांना ॲडमिन मानायचा. टॅली, ईआरपी आणि त्याच होस्टवर ठेवलेला बॅकअप, सगळं एका रात्रीत कुलूपबंद. 8.0 अपडेट 3 मध्ये हे दुरुस्त झालं. जुन्या होस्टवर हा आपोआप अधिकार देणं सेटिंगमधून बंद करा, मगच डोमेनला हात लावा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एक-दोन होस्ट असलेल्या गिऱ्हाइकाला हे विकू नका. त्याला डोमेन जोडणीच नको; मोठा रूट पासवर्ड, व्हीसेंटर असेल तर त्यावर वेगळे लॉगिन, आणि बॅकअप बाहेर. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यावर कायमची लायसन्स विकणं बंद झालं, दरवर्षी पैसे भरावे लागतात. त्यामुळे लहान गिऱ्हाइकं प्रॉक्समॉक्सबद्दल विचारतात. तिथे ही प्रॉक्सी नाही. डोमेनचे युजर थेट रिअल्ममधून जोडतात.

जिथे होस्ट बरेच आहेत आणि नवे येत राहतात, तिथे कोटेशनमध्ये प्रॉक्सीची जोडणी ही एकदाची रक्कम लावा. त्या युजरचा पासवर्ड बदलणं आणि ग्रुप तपासणं हे एएमसीत दर तिमाहीला, तारखेसकट लिहा. पासवर्ड डोमेनवर बदलला की प्रॉक्सीतही बदलावा लागतो. हे विसरलात तर पुढचा नवा होस्ट डोमेनला जोडलाच जात नाही, आणि फोन नेमका रविवारी येतो.