तलासरीतला घरव्यवहार : दलाल आणि सातबारा

तलासरी-डहाणू भागात घर शोधणाऱ्याची पहिली गाठ पडते ती दलालाशी, म्हणजेच एजंटाशी. कोणतं घर विकायला आहे, मालक किती खाली उतरेल, हे त्याला ठाऊक असतं. मालकाशी बैठक घडवणं, इसार ठरवणं, साठेखत आणि खरेदीखताला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सोबत असणं, हे त्याचं काम. दलालीचा दर कायद्याने ठरवलेला नाही. म्हणून टक्का किती, तो कोण आणि केव्हा देणार, हे आधीच कागदावर आलेलं बरं. दोन्हीकडून दलाली घेणारा दलाल खरेदीदारासाठी नेटाने घासाघीस करील, अशी अपेक्षा ठेवू नये.

महारेरात, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात नोंदवलेल्या प्रकल्पातली सदनिका विकणाऱ्या दलालाचीही महारेराकडे नोंदणी लागते. त्याचा क्रमांक ‘ए’ अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने; दोन्ही संकेतस्थळावर तपासता येतात. २०२३ पासून दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली. विनानोंदणी धंदा केल्यास दिवसाला १०,००० रुपये दंड होतो. तो घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. मात्र जुन्या घराची फेरविक्री आणि आठपर्यंत सदनिकांची छोटी इमारत या चौकटीबाहेर राहते. लहान गावात नेमकी अशीच घरं जास्त. तिथे सगळी भिस्त कागदपत्रांवर.

आणि इथला सगळ्यात मोठा प्रश्न कागदातलाच आहे. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विकायची, तर शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हे बंधन १९७४ पासूनचं. सावकार-जमीनदारांच्या हाती जमिनी गेलेल्या वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला, त्याची १९४५ची परिषद तलासरी तालुक्यातल्या झरी गावी भरली होती. हा इतिहास ठाऊक असला की ती अट अडचण वाटत नाही, न्याय्य वाटते.

‘कुलमुखत्यारपत्र करून देतो’, ‘मुद्रांकावर लिहून घेऊ, नाव मागाहून चढेल’, असं सांगणाऱ्या दलालापासून दूर राहावं. त्याने मालकी मिळत नाही. विनापरवानगी झालेला व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाऊ शकते, आणि खरेदीदाराचे पैसे बुडतात. चालू सातबारा पुरेसा नाही. जुने सातबारे आणि फेरफार मागे जाऊन पाहावेत; जमीन पूर्वी आदिवासीच्या नावे होती का, ते त्यांतच कळतं. बिनशेती आदेशही पाहावा. शोध अहवाल दलालाने सुचवलेल्या नव्हे, स्वतः नेमलेल्या वकिलाकडून घ्यावा. नोंदणीकृत प्रकल्पात साठेखताची नोंदणी होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

घराची बांधणीही पाहायला हवी. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले आणि अनेक घरांना तडे गेले. म्हणून इसार देण्याआधी एकदा अभियंत्याला घेऊन भिंती, खांब आणि पाया दाखवून घ्यावा.