शेल वायूची विहीर आणि आपली कूपनलिका

शेतकरी मेळाव्यात कूपनलिकेचा विषय निघाला की काही जाणकार शेतकरी एक प्रश्न विचारतात. अमेरिकेत जमिनीखालचा खडक पाण्याच्या दाबाने फोडून वायू काढतात, तसा वायू आपल्या मराठवाड्यात आहे काय? आणि असल्यास तो काढताना आपल्या विहिरींचे काय होईल? प्रश्न योग्य आहे. विशेष म्हणजे ह्याच तत्त्वावर चालणारे यंत्र आपल्याकडे गावोगावच्या हातपंपांवर येऊन गेलेले आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्या कामाला जलभंजन म्हणते. दोन्हींतील साम्य व फरक नीट समजून घेतला तर भीतीही कमी होते आणि फसवणूकही टळते.

शेल वायू कोठे सापडतो?

शेल हा समुद्राच्या किंवा तळ्याच्या बुडाशी साचलेल्या बारीक चिखलापासून बनलेला, पापुद्रे असलेला खडक होय. चिखलाबरोबर गाडले गेलेले शेवाळ, वनस्पती व सूक्ष्म जीव कोट्यवधी वर्षे उष्णतेत व दाबात राहिले की त्यांच्यापासून वायू तयार होतो. नेहमीच्या वायुक्षेत्रात तो वर सरकून सच्छिद्र वाळूच्या खडकात साचतो. शेलमधील छिद्रे मात्र इतकी सूक्ष्म व तुटक असतात की वायू जागचा हलत नाही. म्हणून दीड ते तीन किलोमीटर खोल विहीर खोदून ती शेलच्या थरात आडवी वळवितात आणि पाणी, वाळू व थोडी रसायने प्रचंड दाबाने आत सोडतात. खडकाला बारीक भेगा पडतात व वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत. यालाच फ्रॅकिंग म्हणतात.

आपला खडक याहून वेगळा आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्टने, म्हणजे काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरलेल्या लाव्हारसाचा हा खडक. लाव्हारसात जिवांचे अवशेष गाडले जात नाहीत, त्यामुळे त्यात वायूही तयार होत नाही. मग बेसाल्टच्या खाली काय आहे? किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. त्यात सुमारे ३४० मीटर बेसाल्ट, त्याखाली गाळाच्या खडकाचा जेमतेम ८ मीटरचा थर आणि नंतर ग्रॅनाइट जातीचा कठीण पायाखडक लागला. इतक्या पातळ व उथळ थरात शेल वायूची आशा धरता येत नाही. तापी-नर्मदेच्या पट्ट्यात बेसाल्टखाली गाळाचे जाड खडक असल्याचे भूभौतिक पाहणीतून दिसते, आणि चंद्रपूर-यवतमाळकडे कोळशाचे गोंडवना खडक आहेत. पण त्यावरून छत्रपती संभाजीनगर किंवा जालना जिल्ह्यातील शेताखाली वायू आहे असे कोणी सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

देशात शेल वायूचा शोध मुख्यतः गुजरातचे खंबात खोरे, कृष्णा-गोदावरी व कावेरीचे मुखाकडील प्रदेश आणि बंगाल-झारखंडमधील दामोदर खोरे येथे झाला. ओएनजीसीला जानेवारी २०११ मध्ये दुर्गापूरजवळच्या विहिरीत पहिल्यांदा असा वायू लागला. किती वायू आहे याबद्दल मात्र अंदाजांत कमालीची तफावत आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २०१२ साली तीन खोऱ्यांसाठी सुमारे ६ लाख कोटी घनफूट असा अंदाज दिला, तर त्याच देशाच्या ऊर्जा माहिती विभागाने २०१३ साली भारतासाठी ९६ लाख कोटी घनफूट सांगितले. दोघांनी धरलेली क्षेत्रे व पद्धती वेगळ्या होत्या हे खरे, पण सुमारे सोळापट फरक असलेल्या आकड्यांवर कोणी घर बांधू नये! २०१३ च्या धोरणानंतर ओएनजीसीने अनेक चाचणी विहिरी घेतल्या. त्यांतून व्यापारी प्रमाणात उत्पादन सुरू होऊ शकले नाही.

वायू मिळाला तर तो शेतकऱ्यालाही हवाच आहे. आपण वापरतो तो युरिया मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनतो, आणि देशाला लागणाऱ्या वायूपैकी निम्म्याच्या आसपास वायू जहाजांनी आयात होतो. तेव्हा या विषयाकडे केवळ भीतीने पाहणे बरोबर नाही. हिशेब मांडून पाहावा.

पाण्याचा हिशेब

एका शेल विहिरीच्या भंजनास साधारणपणे १ ते २ कोटी लिटर पाणी लागते; आडवा भाग लांब असल्यास त्याहून बरेच जास्त. आपण दीड कोटी लिटर धरू. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती. ५० वाघिणींच्या एका फेरीत सुमारे २५ लाख लिटर पाणी येत असे. म्हणजे एका वायूच्या विहिरीसाठी अशा सहा फेऱ्यांचे पाणी. शेतीच्या भाषेत सांगायचे तर एवढ्या पाण्यात ३० हेक्टर हरभऱ्याला ५ सें.मी.ची एक पाळी देता येते. शिवाय वायुक्षेत्रात एक विहीर घेऊन भागत नाही, शेकडो घ्याव्या लागतात. आत सोडलेल्या पाण्याचा काही भाग खारट व दूषित होऊन परत वर येतो आणि त्याची विल्हेवाट लावावी लागते.

लोकांचा विरोध कशाला?

तमिळनाडूच्या कावेरी मुखप्रदेशातील भातउत्पादकांनी कोळशाच्या थरातील मिथेन काढण्यास विरोध केला. पुढे २०१७ साली पुदुकोट्टई जिल्ह्यातील नेडुवासल येथे हायड्रोकार्बन प्रकल्पाविरुद्ध मोठे आंदोलन झाले. हे प्रकल्प काटेकोर अर्थाने शेल वायूचे नव्हते, पण लोकांच्या मनातली भीती तीच होती : पाणी खाली जाईल, खारे होईल आणि जमीन हातची जाईल. २०२० साली तेथील विधानसभेने कायदा करून मुखप्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र ठरविला. इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यातील एका विहिरीवर भंजन चालू असताना ऑगस्ट २०१९ मध्ये २.९ तीव्रतेचा धक्का बसला आणि नोव्हेंबरात शासनाने काम थांबविले. फ्रान्सने तर २०११ सालीच बंदी घातली.

अमेरिकेत मात्र अनेक शेतकऱ्यांनी वायूचे स्वागत केले. याचे कारण सोपे आहे. तेथे बहुधा जमिनीखालच्या खनिजाचा मालक जमीनमालकच असतो व त्याला स्वामित्वधन मिळते. आपल्याकडे खनिज तेल व वायूवर हक्क शासनाचा आहे. स्वामित्वधन शासनाकडे जाते आणि शेतकऱ्याला फक्त वापरलेल्या जमिनीचा मोबदला मिळतो. धोका एकाच्या पदरी आणि लाभ दुसऱ्याच्या, अशी वाटणी असल्यावर विरोध झाला तर त्यात नवल नाही. विरोधकांना अडाणी समजणाऱ्यांनी हा मुद्दा लक्षात घ्यावा.

पाणी दूषित होते काय, याचे उत्तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ च्या अहवालात दिले : काही परिस्थितींत होते. दोन किलोमीटर खोलीवरची भेग वाढत वाढत आपल्या विहिरीपर्यंत येईल ही भीती बहुतांशी निराधार आहे. खरा धोका असतो तो निकृष्ट केसिंगमधून होणाऱ्या गळतीचा, वर सांडलेल्या रसायनांचा, अस्तर नसलेल्या खड्ड्यांत सोडलेल्या सांडपाण्याचा आणि टंचाईच्या काळात केलेल्या उपशाचा.

आपल्या कूपनलिकेतील जलभंजन

जलभंजनाचे तत्त्व तेच, पण प्रमाण अगदी लहान. खोली दोन-तीनशे फुटांची, पाणी काही हजार लिटर आणि तेही स्वच्छ. रसायने वापरीत नाहीत. केसिंगच्या बऱ्याच खाली, अखंड कठीण खडकात रबरी पॅकर उतरवून फुगवितात व त्याखाली मोठ्या दाबाने पाणी सोडतात. दाबमापकाचा काटा चढत जातो आणि एका क्षणी एकदम खाली येतो. भेगांत साचलेला गाळ धुऊन निघाल्याची किंवा मिटलेली सांध उघडल्याची ती खूण असते. कधी शेजारच्या कूपनलिकेतून पाणी उसळते. यंत्राचा आवाज ऐकून गावात भूकंपाची कुजबुज होते, तिला आधार नाही. एवढ्याशा पाण्याने किल्लारीसारखा भूकंप होत नसतो.

जलभंजनाने पाणी निर्माण होत नाही, हे मात्र पक्के ध्यानात ठेवावे. ते फक्त वाट मोकळी करते. आपल्या खडकात साठा मुळातच कमी असतो. एक हेक्टर जमिनीखाली १० मीटर जाडीचा पाणीदार थर असला आणि त्यातून २ टक्के पाणी सुटणारे असले, तर तो सगळा साठा २० लाख लिटर भरतो. एका शेततळ्याएवढा! भेग उघडून कूपनलिकेचा हात लांबला की ते पाणी शेजाऱ्याच्या हद्दीतूनही येऊ शकते. कावेरीकाठच्या शेतकऱ्याने वायूच्या कंपनीला विचारले की पाणी कोणाचे, तोच प्रश्न आपला शेजारी आपल्याला विचारू शकतो. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यावर १९९३ साली कायद्याने बंधन आले, ते याच कारणाने.

जी कूपनलिका पूर्वी चांगली चालत होती व आता हळूहळू कमी झाली आहे, तिच्यात यशाची शक्यता अधिक. मुळातच कोरडी गेलेली, वाकडी किंवा आत ढासळलेली कूपनलिका यासाठी निवडू नये. ठिसूळ खडकात पॅकर धरत नाही. खासगी यंत्रवाला "दोन इंची पाणी हमखास" असे सांगू लागला तर सावध व्हावे. दोन इंच हे पाइपाचे माप आहे, पाण्याचे नव्हे.

काम करण्यापूर्वी पंप सलग दोन तास चालवून २०० लिटरचा ड्रम किती वेळात भरतो ते घड्याळ लावून पाहावे. भंजनानंतर आठ दिवसांनी त्याच पद्धतीने पुन्हा मोजावे व दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवावेत. शक्य असल्यास शेजारच्या विहिरीची पाणीपातळीही दोरी सोडून मोजावी. पावसाळ्यापूर्वी कूपनलिकेभोवती खड्डा घेऊन त्यात मोठे दगड, खडी व वाळू यांचे थर भरून पुनर्भरणाची सोय करावी, म्हणजे मोकळ्या झालेल्या भेगांत पावसाचे पाणी शिरेल. या खड्ड्यात गढूळ पाणी अथवा नुकतीच कीटकनाशकाची फवारणी झालेल्या कपाशीच्या शेतातील पाणी येऊ देऊ नये. उघडलेली भेग ते पाणीही तितक्याच सहज खाली नेते.