वृद्धांची झोप आणि ॲक्युप्रेशर

"रात्रभर डोळा लागला नाही," ही वडीलधाऱ्यांची तक्रार आपल्या नागभीड परिसरात घरोघरी ऐकू येते. ज्यांनी उभे आयुष्य धानाच्या रोवणीत कंबर वाकवून काढले, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी बांधीवर जागल केली, त्यांना म्हातारपणी स्वस्थ झोप मिळू नये ही खेदाची गोष्ट होय. मग कुणाला न विचारता झोपेच्या गोळ्या घेतल्या जातात. या गोळ्यांनी वृद्धांचा तोल जातो व रात्री उठताना पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. म्हणून ॲक्युप्रेशर या बिनखर्ची उपायाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

ठराविक बिंदूंवर बोटाने दाब देण्याची ही पद्धत मूळची चीनमधील. ॲक्युपंक्चरमध्ये सुई टोचतात, यात सुई नाही. तैवानमध्ये ८४ वृद्धांचे तीन गट करून तिची पारख झाली. एका गटाला योग्य दाब दिला, दुसऱ्याला नुसता दिखाऊ, तिसऱ्याशी केवळ गप्पा केल्या. पहिल्या गटाची झोप अधिक सुधारल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. असे प्रयोग लहान असतात, म्हणून ही पद्धत रामबाण समजू नये.

कृती सोपी आहे. तळहात वर ठेवावा. मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला बोटाला खोलगट जागा लागते, तो पहिला बिंदू. त्याला 'शेनमेन' म्हणतात. दुसरा बिंदू घडीपासून तीन बोटे वर, हाताच्या मधोमध, दोन ताठ स्नायुबंधांच्या मध्ये असतो. झोपण्यापूर्वी प्रत्येक बिंदूवर अंगठ्याने एक-दोन मिनिटे सोसवेल एवढाच दाब द्यावा. दोन्ही हातांवर, रोज, काही आठवडे करावे.

जखम, सूज असल्यास तेथे दाबू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. रक्तदाब, मधुमेहाची औषधे बंद करू नयेत. झोपेची गोळी रोजची असल्यास ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करावी. घोरताना श्वास अडकणे, छातीत दुखणे, सततची उदासी दिसल्यास सरळ दवाखाना गाठावा.

विद्यार्थी मित्रांनो, अभ्यास आटोपल्यावर दहा मिनिटे आजी-आजोबांचा हात हाती घ्या. त्यांना झोप लागो वा उशिरा लागो, आपल्याजवळ कुणी बसले याचे समाधान त्यांना नक्कीच लाभेल.