तोंड नसलेली मोटार

या आठवड्यात दिव्यांचं प्रकरण कबूल केलं होतं. कार्बाइडच्या दिव्यांचं राज्य कुठे संपतं आणि विजेच्या दिव्यांचं कुठे सुरू होतं, हे सांगायचं होतं. ते एक आठवडा पुढे ढकलतो, कारण रेडिएटरवरच्या भागानंतर एका वाचकाने विचारलेला प्रश्न आडवा आला आहे आणि त्याला ओलांडून जाणं बरं नाही. रेडिएटरच्या आकारावरून पॅकार्ड, नेपियर, रोल्स-रॉईस कशी ओळखायची ते सांगितलंत, पण फोटोत गाडीचं तोंडच नसेल तर काय करायचं, असा तो प्रश्न. गाडी पाठमोरी उभी आहे, बॉनेटसमोर सगळं गणगोत रांगेत उभं आहे, नाहीतर फोटोच अर्ध्यात कापला गेलाय. अशा वेळी हात टेकायचे का? माझ्या मते उलट आहे. तोंड नसलेली गाडी पुष्कळदा जास्त भरवशाने ओळखता येते, कारण तोंड दिसलं की नजर तिथेच थांबते आणि बाकीची गाडी कुणी तपासतच नाही.

तोंड किती फसवं असतं याचा नमुना म्हणजे रेनो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून थेट विसाच्या दशकाच्या अखेरीपर्यंत रेनोचा रेडिएटर इंजिनाच्या मागे, चालकासमोरच्या फळीला लागून असे. त्यामुळे समोर जाळी नाही आणि बॉनेट पुढच्या बाजूला उतरतं होत गेलेलं. हा आकार एकदा डोळ्यांत बसला की तसं बॉनेट दिसताच ‘रेनो’ म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पण क्लेमां-बायार आणि शारों यांनीही ही मांडणी वापरली. अमेरिकेतल्या फ्रँकलिनचं इंजिन तर हवेने थंड होणारं, त्याला रेडिएटरची गरजच नव्हती, तरी १९१०नंतर काही वर्षं त्या गाडीनेही असंच उतरतं बॉनेट मिरवलं. म्हणजे साम्य कितीही ठळक असलं तरी ते एका कारखान्याच्या मालकीचं नसतं. विसंगतीचं तसं नाही. चाकं मूळचीच असतील, त्यांचे आरे मोजून दहा भरले आणि त्या मॉडेलला बारा असायला हवेत, तर बॉनेट कितीही जुळो, ते मॉडेल बाद. जाणकार मंडळी एखाद्या फोटोभोवती जमतात तेव्हा खरं काम होतं ते ‘ही अमुक दिसते’ म्हणणाऱ्याकडून नव्हे, ‘ही अमुक असूच शकत नाही, कारण मागचे स्प्रिंगचे पाटे बघा’ म्हणणाऱ्याकडून. आजच्या भागाचा मुद्दा एवढाच, की जुन्या मोटारीची ओळख जुळवण्याने कमी आणि वगळण्याने जास्त पटते.

यासाठी जगातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध मोटारीचा फोटो घेऊ. तो जाक-आंरी लार्तीग याचा. १८९४चा जन्म, श्रीमंत घर, लहानपणापासून हातात कॅमेरा आणि डोक्यात मोटारी. फोटोत शर्यतीची गाडी डावीकडून उजवीकडे सुसाट निघाली आहे आणि तिचा पुढचा भाग चौकटीबाहेर गेला आहे. दिसतं ते मागचं चाक, चालक आणि त्याचा मेकॅनिक, आणि बैठकीमागच्या टाकीवर रंगवलेला मोठा ६. चाक पुढे कललेल्या लंबगोलासारखं झालंय आणि रस्त्याकडेची माणसं व खांब मागे कललेत. त्याचं कारण शटरमध्ये आहे. प्लेटच्या अगदी पुढे असलेल्या पडद्यातली अरुंद फट वरून खाली सरकत जाते. प्लेटवर चित्र उलटं पडत असल्याने दृश्याचा तळ आधी टिपला जातो आणि माथा नंतर, तोवर गाडी पुढे गेलेली असते. शिवाय लार्तीग कॅमेरा गाडीबरोबर फिरवत होता, पण गाडीपेक्षा हळू. म्हणून गाडी पुढे झुकली आणि प्रेक्षक मागे. १९६३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने लार्तीगचं प्रदर्शन भरवलं, साठी उलटलेला हा माणूस जगाला ठाऊक झाला आणि हा फोटो पुस्तकापुस्तकांतून फिरू लागला. खाली ओळ असे ती ‘फ्रेंच ग्रां प्रीमधली दलाज, २६ जून १९१२’ या अर्थाची.

आता ही ओळच तपासायला घ्या. १९१२ची ग्रां प्री २५ आणि २६ जूनला दिएपला झाली, म्हणजे तारीख वरवर बरोबर बसते. पण त्या शर्यतीत उतरलेल्या गाड्यांची यादी पाहिली तर फियाट, पूजो, लोरेन-दीत्रिश, सनबीम, व्हॉक्सहॉल अशी नावं सापडतात, दलाज सापडत नाही. दलाज ग्रां प्रीत उतरली ती पुढच्या वर्षी, १२ जुलै १९१३ला, अमियांजवळच्या शर्यतीत. म्हणजे ओळीतला एक अर्धा भाग दुसऱ्याला खोटं पाडतो. दलाज असेल तर १९१२ नाही आणि १९१२ असेल तर दलाज नाही, इतकं तर गाडीकडे न बघताच कळलं. मग टाकीवरचा ६. आकडा सरळ वाचता येतो, त्यामुळे निगेटिव्ह उलटी छापली गेल्याची शंका उरत नाही. १९१३च्या यादीत हा क्रमांक दलाजचा नाही, तो बेझांसोंच्या श्नायडर कारखान्याच्या गाडीचा आहे आणि तिचा चालक आहे क्रोके. म्हणजे कारखाना चुकला होता, वर्षही चुकलं होतं. गंमत अशी, की त्या काळातल्या श्नायडरच्या साध्या गाड्यांचा रेडिएटरही इंजिनामागेच असे. तेव्हा फोटोत तोंड आलं असतं, तर कुणीतरी रेनोचं नाव घेऊन गोंधळात भरच घातली असती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. अहो, फोटो काढणारा माणूस स्वतः तिथे उभा होता, त्याच्यापेक्षा तुमच्या याद्या शहाण्या? प्रश्न शहाणपणाचा नाही, साक्ष कधी दिली गेली याचा आहे. क्रोकेचा क्रमांक यादीत छापला गेला तो शर्यतीच्या वेळी. लार्तीगने मात्र उतारवयात आपले अल्बम पुन्हा नव्याने लावले, आणि त्याच्यासारखा वर्षामागून वर्षं शर्यतींना जाणारा माणूस दोन उन्हाळ्यांची सरमिसळ करतो यात नवल नाही. आपल्याकडच्या जुन्या अल्बमांतही फोटोमागची शाईची ओळ बऱ्याचदा पुढच्या पिढीच्या हातची असते. ती फेकून देऊ नये. कोण, कुठे, कुणाच्या लग्नात, यासाठी ती मोलाची. पण मोटारीचा कारखाना आणि साल यासाठी तिला शेवटची साक्षीदार मानावं, पहिली नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. यादीही माणसांनीच छापलेली, तीही चुकू शकते. ऐनवेळी गाड्या मागे घेतल्या जात, चालक बदलत. हे खरं आहे, म्हणून एकट्या यादीवर निकाल देऊ नये. पण रोल, मरीस अशा पॅरिसच्या वृत्तछायाचित्र संस्था त्याच रस्त्यांवर त्याच गाड्यांचे फोटो घेत आणि वर्तमानपत्रांसाठी चालकाचं व गाडीचं नाव लिहून ठेवत. त्यांच्या काचेच्या प्लेटांचा मोठा साठा आज फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. लार्तीगच्या चौकटीबाहेर राहिलेलं तोंड शोधायचं ते अशा फोटोंत. एकमेकांशी संबंध नसलेले दोन पुरावे एकच सांगू लागले, की मग चुकीला फारशी जागा उरत नाही.

तिसरा आक्षेप, एका वर्षाने असं काय आभाळ कोसळतं? १९१२च्या ग्रां प्रीत इंजिनाच्या आकाराला मर्यादा नव्हती. चौदा लिटरच्या फियाट आणि तीन लिटरच्या गाड्या एकाच रस्त्यावर धावल्या. १९१३ला शंभर किलोमीटरला वीस लिटर इंधनाची मर्यादा आली. म्हणजे एका वर्षाच्या चुकीने आपण वेगळ्याच नियमांची, वेगळ्याच जातीची गाडी बघत बसतो. साध्या गाड्यांतही वर्षाला किंमत आहे. लंडन ते ब्रायटन या वार्षिक फेरीत १ जानेवारी १९०५पूर्वी बांधलेल्या गाडीलाच जागा मिळते, त्यामुळे गाडी १९०४ची की १९०५ची हा वाद मालकाच्या जिव्हाळ्याचा. १९३०मध्ये स्थापन झालेला ब्रिटनचा व्हेटरन कार क्लब गाड्यांचं वय ठरवण्याचं काम गांभीर्याने करतो ते उगाच नाही.

राहिला घरगुती फोटोचा प्रश्न, जिथे ना यादी ना वृत्तसंस्था. तिथेही वगळण्याची रीत चालते, फक्त एक भान ठेवून. गाडीवरची सर्वांत नवी वस्तू सांगते, की फोटो याच्या आधीचा नाही. किती नंतरचा, हे ती कधीच सांगत नाही. फोर्ड मॉडेल टीचा पितळी रेडिएटर १९१६च्या उत्तरार्धात गेला आणि काळं वेष्टण आलं. म्हणून काळ्या वेष्टणाची टी १९१४च्या फोटोत असू शकत नाही, पण पितळी टी १९२५च्या फोटोत खुशाल असू शकते, जुनी गाडी म्हणून. इथे कुणी म्हणेल, टीला बाजारात मिळणारी तारांची चाकं आणि वेगळी रेडिएटर-वेष्टणं लोक हौसेने बसवत, मग या खुणांचा भरवसा काय? म्हणूनच एका सुट्या भागावर विसंबू नये. चाकं बदलतात, दिवे बदलतात. स्प्रिंगच्या पाट्यांची बांधणी, चासीचा आकार, दरवाजाच्या बिजागऱ्या यांना सहसा कुणी हात लावत नाही. फोटो किती नंतरचा असू शकतो, हे मात्र कधीकधी नंबरपाटी सांगते. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत दरवर्षी नवी पाटी लागे आणि तिच्यावर सालही असे. ब्रिटनमध्ये १९०४पासून गाड्यांना क्रमांक मिळू लागले, पण ते दरवर्षी बदलत नसत आणि त्यांतली अक्षरं काउंटी सांगत. त्यामुळे तिथे पाटीवरून फोटोचं साल नाही, तर नोंदणीची काउंटी कळते, आणि त्या काउंटीची नोंदवही टिकली असेल तर मेक आणि मालकही.

तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या वाचकांनी आपला पाठमोरा फोटो भिंगाखाली धरावा आणि ‘ही कोणती?’ या प्रश्नाने सुरुवात न करता ‘ही कोणती नाही?’ असं विचारत नावं खोडत जावं. खोडता खोडता दोनच नावं उरली तरी ती उघडपणे दोनच ठेवावीत. एक नाव छातीठोकपणे लिहून पुढच्या पिढीला चुकीची ओळ देण्यापेक्षा ते बरं. दिवे पुढच्या आठवड्यात, आणि त्यांना खोडण्यासाठी काय लागतं तेही.