दम आणि घड्याळ

भातकापणी उरकली की आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर गावोगावी कबड्डीची मैदानं आखली जातात. अलिबाग, पेण, रोहा ही नावं या खेळाच्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाहीत. आमच्या वाडवडिलांनी याला हुतूतू म्हटलं. खेळ तोच, पण त्याचे नियम बदलत गेले आणि नियमांबरोबर चढाई करणाऱ्याचं कसबही बदललं. त्याविषयी थोडं बोलतो.

चढाईपटू म्हणजे सात जणांच्या घरात एकटा शिरलेला माणूस. पूर्वी त्याचं घड्याळ त्याच्या छातीत असे. दम टिकेल तेवढी चढाई. लांब दमाचा गडी समोरच्यांना खेळवत, दमवत राही. मी कविता लिहिणारा माणूस. एका श्वासात किती मावतं, याचं मला भारी कौतुक. आजही दम तुटला तर गडी बादच होतो. पण आता चढाईला 30 सेकंदांची मर्यादा आहे. त्यामुळे कोणता कोपरा ढिला आहे, साखळी कुठे जुळते आहे, हे पहिल्या काही पावलांतच हेरावं लागतं.

बोनस रेषेनं पायाला नवं काम दिलं. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर आणि बोनस रेषा तिच्याही पुढे 1 मीटरवर असते. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवताना दुसरा हवेत हवा. म्हणजे घरापासून सर्वांत लांब असताना एका पायावर तोल सांभाळायचा. शिवाय समोर किमान सहा जण असतील तरच हा गुण मिळतो. म्हणून शिरतानाच डोकी मोजायची.

2014मध्ये प्रो कबड्डी आली आणि तिसऱ्या चढाईचा नियम घरोघरी पोचला. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या, तर तिसरीत गुण आणा, नाहीतर बाद व्हा. आता नुसतं जाऊन परत येणं पुरत नाही. तिकडे तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी पकड केली, तर त्यांना दोन गुण. अर्धं रिकामं घरही धोक्याचं झालं.

नियम पाठ असणं किती मोलाचं, हे हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत दिसलं. 7 ऑक्टोबर 2023ला भारत-इराण अंतिम सामना 28-28 असा बरोबरीत होता. पवन सेहरावत कोणाला स्पर्श न होता बाजूच्या राखीव पट्ट्यात गेला. त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. एका नियमाप्रमाणे तेही बाद, दुसऱ्याप्रमाणे एकटा पवन बाद. तासाभर खेळ थांबला. अखेर भारत 33-29 असा जिंकला, पण एका पट्टीवरच्या पावलापायी सुवर्णपदक टांगणीला लागलं होतं.

आमच्याकडची कितीतरी पोरं मातीवर वाढतात. मोठ्या स्पर्धा मात्र मॅटवर होतात. तिथे पायात बूट असतात, पकड वेगळी लागते आणि डोळ्यांसमोर सेकंद धावत असतात. घामाला ही पोरं कमी पडत नाहीत. नियमाला कमी पडतात. मॅट महाग असते, हे खरं. पण मातीवर बोनस रेषा मापानं आखायला चुनाच लागतो, आणि 30 सेकंद मोजायला मनगटावरचं घड्याळ पुरतं. एवढं तर प्रत्येक गावाला जमेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)