सुगरण व्हर्सेस लिव्हरवर्ट: पावसाळी सुपरस्टार्सची मॅच!

असोदा गाव म्हटलं की कवयित्री बहिणाबाई चौधरी आणि बहिणाबाई म्हटलं की सुगरणीचा खोपा! २४ ऑगस्ट १८८० ला इथे जन्मलेल्या बहिणाबाईंनी हे पाखरू घराघरांत पोहोचवलं. आज त्याच्यासमोर नवा भिडू: लिव्हरवर्ट, ओल्या मातीला चिकटून पसरणारी चपटी हिरवी वनस्पती. चला, टॉस झाला!

राउंड १: कूळ

सुगरणीचं शास्त्रीय नाव प्लोसियस फिलिपिनस. पण माहीत आहे का? हा पक्षी मूळचा फिलिपिन्सचा नाहीच!

लिव्हरवर्ट ब्रायोफायटा गटातलं. शाळेच्या पुस्तकातले मर्केंशिया आणि रिक्सिया आठवले? तेच! मुळं नाहीत, फूल नाही, बी नाही, तरी जगात सात हजारांच्या आसपास प्रजाती. हिट आहे ना?

राउंड २: करामती

खोपा विणतो कोण? नर! गवताच्या लांब पट्ट्या चिरून आणायला तो शेकडो फेऱ्या मारतो. खोपा अर्धा झाला की मादी ‘साइट व्हिजिट’ला येते. पसंत पडला तरच जोडी जमते, मग नर पुढचा खोपा घेतो विणायला! अलिबागजवळच्या किहीमला पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी हा संसार बारकाईने टिपला.

मर्केंशियाची ट्रिक? अंगावर इवल्याशा वाट्या, वाट्यांत हिरवे कण. पावसाचा थेंब टपकन् पडला की कण उडतात आणि पडतील तिथे नवं रोप. फुकट होम डिलिव्हरी!

राउंड ३: पत्ता

सुगरणीला हवी काटेरी बाभूळ, जमल्यास थेट विहिरीवर झुकलेली. सापाची एन्ट्री अवघड! लिव्हरवर्टला हवी ओल आणि सावली. रिक्सियाच्या काही जाती उन्हाळ्यात कडा आत वळवून सुकतात, पाऊस आला की पुन्हा हिरव्या!

राउंड ४: संवर्धन

आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संस्थेच्या यादीत सुगरण ‘कमी चिंता’ गटात. पण हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतली तिची चुलतबहीण, फिन्स विव्हर, धोक्यात आहे. आणि लिव्हरवर्ट? बहुसंख्य प्रजातींची जागतिक तपासणी अजून झालेलीच नाही. कोण संपतंय, हे कळणार तरी कसं?

निकाल? मॅच टाय! दोघांचाही सीझन एकच, पावसाळा. म्हणून मंडळी, विहिरीवरची बाभूळ तोडू नका, पावसाळ्यात खोपे काढू नका आणि ओल्या बांधावरची ती हिरवी चकती खरवडण्याआधी एकदा वाकून बघाच!